आबांच्या चालीतली खोटी जागा

शाहूपुरीत आमचं दुकान आणि घर एकाच खोलीत होतं. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात बाजाच्या पेट्या दुरुस्त व्हायच्या, मध्ये गोणपाटाचा पडदा आणि पडद्यामागं आम्ही तिघं, माझे वडील आबा, आई आणि मी. लोकांच्या घरी पेटी भजनाला बाहेर निघते, आमच्याकडं ती कायम पोट उघडून पडलेली असायची. भाता एका बाजूला, पट्ट्या दुसऱ्या बाजूला आणि पितळेचे सूर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले. सूर म्हणजे बोटाएवढी पितळेची पातळ पट्टी. टोकाला कानस मारली की चढतो, मुळाशी मारली की उतरतो आणि हात जरा जास्त पडला की वाया जातो. त्यामुळं आमच्या घरात गाणं क्वचित ऐकू यायचं, एकेक सूर ऐकू यायचा. तोच तो, तासतासभर, जुळेपर्यंत. पडद्यामागं आई भाकरी थापत असायची आणि तिथनंच ओरडायची, "सकाळधरनं ह्यो एकच रडालाय, त्याला काय तरी खायला घाला की." आबा हसायचे. मी हसायचो नाही, कारण कानस माझ्या हातात असायची.

लोक लहानपणाबद्दल लिहितात. माझं लहानपण लांबलं. पंचविशी आली, मिशी आली, तरी मी आबांच्या हाताखालीच होतो, म्हणून मी त्या दिवसांना वाढीचेच दिवस म्हणतो. शाळा चौथीनंतर सुटली. पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी खडूचा डबा चोरल्याचा आळ माझ्यावर घेतला, मी दप्तर उचलून बाहेर पडलो तो परत गेलो नाही. डबा मी चोरला नव्हता. हे आज सांगतोय, कारण तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. कान मात्र माझा चांगला होता. गळा नव्हता, कान होता. कुठल्या पेटीचा कुठला सूर केसभर उतरलाय ते मला रस्त्यावरनं चालतानाही कळायचं आणि ते मी त्या घरात जाऊन सांगायचोही. कुणाला आवडायचं नाही.

आबा तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचे. पायांनी भाता मारायची मोठी पेटी ती, दोन्ही हात वाजवायला मोकळे. कंपनी माझ्या जन्माआधीच बसली, पण तिच्या एका नाटकातलं एक पद आमच्या घरात राहून गेलं होतं. राजा लढाईवर गेलेला आहे, राणी एकटी आहे, सांजेला अंगणात पाऊल वाजतं. नवरा आला की नवऱ्याचं सोंग घेऊन शत्रूचा माणूस आला, तिला कळत नाही. "पाऊल वाजे कुणाचे गे अंगणी", असं ते पद. त्याला तीन चाली होत्या. पहिली कंपनीच्या मालकांची, ती त्यांनी एका कानडी नाटकातनं उचलली होती आणि पदांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून त्या कानडी पदाचे शब्द छापलेही होते. तेव्हा तशी रीतच होती, चाल कुठनं घेतली ते छापून मोकळे व्हायचे. दुसरी चाल एका बुवांनी बांधली, तानांनी भरलेली, टाळ्यांसाठी. तिसरी आबांची. गगनबावड्याच्या मुक्कामात पावसानं राणीचं काम करणाऱ्या बाईचा गळा बसला, वरचे सूर लागेनात. प्रयोग तर दुसऱ्या दिवशी. आबांनी एका दुपारात जोगिया रागात खालच्या सुरांतली चाल बांधून दिली. तिच्यात "अंगणी" या शब्दावर चाल घरी येत नव्हती. षड्ज म्हणजे गाण्याचं घर, सगळं तिथं येऊन टेकतं. आबांची चाल षड्जाच्या शेजारी, कोमल रिषभावर येऊन थांबायची. उंबऱ्याबाहेर. आत येणारा कोण आहे ते राणीला अजून कळलेलं नाही, म्हणून. आबा पेटी तपासायला बसले की शेवटी तेवढी एकच ओळ वाजवायचे आणि त्या सुरावर बोट तसंच दाबून धरायचे. मला दर वेळी वाटायचं, आता टेकतील. ते टेकायचे नाहीत.

आता पुढं मी जो संशय घेतला त्याला कारण होतं, ते आधी सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल हा लिहिणारा म्हातारा मुळातच कुजका. ते कॅसेटींचे दिवस होते. आबांनी कबनूरच्या यंत्रमागवाल्यांच्या भजनी मंडळाला एक चाल बसवून दिली होती. एक कॅसेटवाला आला, मंडळाचं गाणं ध्वनिमुद्रित करून घेऊन गेला, आणि पुढच्या गणपतीत तीच चाल गल्लोगल्ली कर्ण्यावर. कॅसेटवर तिसऱ्याच माणसाचं नाव, फोटोसकट. मी आबांना म्हटलं, जाऊन त्याची गचांडी धरूया. आबा म्हणाले, "लोकं ऐकालेत न्हवं?" त्या दिवसापासनं मी ठरवलं की आबांच्या वाटणीचा संशय पण आपणच घ्यायचा.

वर्तक बाई आल्या त्या आपली पेटी घेऊन. कॉलेजात गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, पांढरं पातळ, जाड भिंगाचा चष्मा, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. काळी चार नंबरची पट्टी अडकत होती, ती मी तिथल्या तिथं सोडवून दिली. बाई उठल्या नाहीत. आबांना म्हणाल्या, "तुम्ही त्या नाटक कंपनीत होता ना? 'पाऊल वाजे'ची एक चाल तुमची होती असं ऐकलंय."

"कुणाकडनं ऐकलं?" मी विचारलं.

"जुन्या माणसांकडून."

"नाव असंल की जुन्या माणसांना."

"शिवा," आबा म्हणाले, "चा सांगून ये जा."

पुढच्या खेपेला त्या टेपरेकॉर्डर आणि चार कॅसेटी घेऊन आल्या. इटली नावाच्या देशात अडीचशे-तीनशे वर्षांमागं आपल्यासारखीच संगीत नाटकं चालायची, असं त्यांनी सांगितलं. सगळं नाटक गाऊनच. एका कवीनं एक पद लिहिलं, कैदेत पडलेली राणी म्हणते की माझ्या जिवाची गत वादळात सापडलेल्या नावाड्यासारखी झालीय, किनारा दिसत नाही. त्या एका पदाला चार जणांनी चार चाली दिल्या. बाई त्या चारी शेजारी शेजारी ठेवून ऐकायच्या आणि लिहायच्या. तसंच एका मराठी पदाचं करायचं त्यांच्या मनात होतं.

"चौघांनी?" मी म्हटलं. "आणि भांडण न्हाई झालं?"

"चौघांहून जास्त जणांनी दिल्या असतील. तिथं तशी रीतच होती. शब्द कवीचे, चाल ज्याची त्याची."

"आणि आपण उचलली न्हाई ह्याचा पुरावा काय?"

"कधी कधी उचलतही असत," बाई म्हणाल्या. मला वाटलं, आता सापडली. हे लोक कबूलच करतात.

दुपारची वेळ होती. आईनं हुलग्याचं माडगं केलं होतं, बाईंनाही वाटीत दिलं, आणि ती पडद्याला टेकून बसली. पहिली चाल लागली. सारंग्यांसारखं काहीतरी वीस-पंचवीस एकदम वरखाली पळायला लागलं, वर बाईमाणूस किंचाळतंय. आई म्हणाली, "हिला कुणी मारालंय काय?" वर्तक बाईंनी तोंडाला पदर लावला. दुसरी चाल अगदी संथ, मध्येच सगळी वाद्यं गप्प व्हायची आणि गाणारी एकटी उरायची. तिसरी नुसत्या ताना, श्वास कुठं घेती ते कळू नये. चौथीत मुखडा झाला, मधला भाग झाला आणि मुखडा परत आला तेव्हा प्रत्येक जागा, म्हणजे सुरांचं प्रत्येक वळण, बदललेली. आबा डोळे मिटून ऐकत होते, पाय जमिनीवर भाता मारल्यासारखे हलत होते. चौथी त्यांनी परत लावायला सांगितली. दुसरीही परत लावायला सांगितली. मग वाटीतलं थंड झालेलं माडगं पिऊन म्हणाले, "पैल्याला वादळ दिसलंय, बाई. दुसऱ्याला नावाडी दिसला. तिसऱ्याला दोन्ही न्हाई दिसलं, त्याच्याम्होरं गाणारी हुबी हुती, तिचा गळा तयार हुता, त्यानं तेवढंच बघितलं."

"आणि चौथा?"

"चौथ्यानं दुसऱ्याचं ऐकलेलं हाय."

"बघा," मी म्हटलं. "चोर."

"चोर न्हवं. ऐकलेला माणूस. दुसरा जितं जितं थांबलाय, तितं तितं ह्यो मुद्दाम थांबलेला न्हाई. ठाऊक असल्याबिगर एवढं चुकवता येत न्हाई."

बाईंनी चष्मा काढला. तो चौथा माणूस तरुणपणी त्याच दुसऱ्याच्या नाटकगृहात वाजवायला होता, असं त्या म्हणाल्या. हे पुस्तकांतनं शोधायला त्यांना बरीच वर्षं लागली होती आणि आबांनी ते एका दुपारात कानानं काढलं होतं. त्यांचे डोळे ओले झाले. मला ते डोळे पटले नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याला चढवायची ही पद्धत दिसते. आज मी त्या डोळ्यांचा विचार करतो तेव्हा त्यात दुसरं काही सापडत नाही, पण तेव्हा मी शोधतच नव्हतो, मी पकडत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागावर गेलो. त्या कॅसेटच्या दुकानात शिरल्या, अर्ध्या तासानं बाहेर आल्या, हातात कोऱ्या कॅसेटींचा खोका. मी समोरच्या पानपट्टीवर उभा होतो. एका माणसाची एक चाल घ्यायला दहा कॅसेटी कशाला लागतात? घरी येऊन मी हे आबांना सांगितलं. आम्ही जेवायला बसलो होतो, भाकरी आणि खरडा.

"गाणार असाल तर गा," मी म्हटलं. "पण कुलूप घालून गा."

कुलूप हा आबांचाच शब्द. कंपनीतले जुने मास्तर परक्या माणसाला चाल शिकवायची वेळ आली की एखादी जागा मुद्दाम वाकडी शिकवायचे. उद्या तो माणूस ती चाल आपली म्हणून कुठं गायला लागला, तर त्या वाकड्या जागेवरनं चोरी पकडता यायची. विश्वास बसला की मास्तर त्याला बोलावून खरी जागा सांगायचे. आबांनी ही गोष्ट मला गंमत म्हणून सांगितली होती. मी ती गाठ मारून ठेवली होती.

"ती बाई शिकलेली हाय, शिवा. असल्या माणसाला कुलूप घालू नये."

"कॅसेटवाला पण पावणा म्हणूनच आलता. शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीती आईनं त्याला."

"म्या दिलीती," आई म्हणाली. "त्याचं भांडं बी परत न्हाई आलं."

आबांनी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाले, "एक जागा. एकच. आणि चार दिसानं खरी सांगायची."

मी हो म्हटलं.

बाई आल्या, टेप लावली, तांबडा दिवा पेटला. आबांनी पेटी पुढं ओढली. सत्तरीला टेकलेला आवाज, पण खालच्या सुरांना अजून धार होती. रस्त्यावर टेम्पो होता, कुणीतरी हातगाडीवर केळी विकत होतं, ते सगळं त्या कॅसेटमध्ये आहे. "पाऊल वाजे कुणाचे गे" झालं आणि "अंगणी"वर आबा कोमल रिषभावर थांबले नाहीत. सरळ उतरून षड्जावर आले. टेकले. मी एवढी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते झालं, आणि ते ऐकताना मला जिन्याची पायरी चुकल्यासारखं झालं. चार वेळा ती ओळ आली, चारही वेळा ते घरी आले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. आबा गाताना माझ्याकडं बघत होते.

बाई गेल्यावर आबा म्हणाले, "परत बोलीव त्यास्नी."

"चार दिस जाऊ द्यात."

चार दिवस गेले. मी म्हटलं, गणपती होऊ द्या, कॅसेट निघते का बघूया. गणपती झाले. मी प्रत्येक मंडपासमोर उभा राहून ऐकलं, कुठं ती चाल लागली नाही. मला तेही खटकलं, इतकं लपवून ठेवण्याजोगं काय करतीये ही बाई? दिवाळीत आबांनी स्वतः चप्पल घातली. मी सांगितलं, बाई मुलाकडं गेल्यात, घराला कुलूप आहे. हे खोटं होतं. मी त्यांच्या घराकडं गेलोच नव्हतो. आबांनी चप्पल काढली. त्यानंतर महिन्याभरात त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. वर्षभर ते खाटेवर होते. डाव्या हातानं पेटीच्या पट्ट्यांवर कोमल रिषभ दाबायचा प्रयत्न करायचे, भाता मात्र मला मारावा लागायचा. आई मला विचारायची, "काय मागालेत रं ते?" मी म्हणायचो, पाणी. आई पाणी द्यायची. ते गेले त्या दिवशी बाई आल्या होत्या, आईजवळ बसल्या, माझ्याशीही बोलायचा त्यांनी प्रयत्न केला. मी तिरडीचे बांबू बघायला म्हणून बाहेर निघून गेलो.

मग बरीच वर्षं गेली. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, माझं लग्न झालं, मुलगी झाली, दुकान राहिलं. एक दिवस पत्रिका आली. बाईंनी ते काम पुरं केलं होतं. एका सभागृहात त्याचा कार्यक्रम होता, आणि पत्रिकेवर आबांचं नाव होतं, मोठ्या अक्षरात, 'चाल' या शब्दापुढं. मी ते नाव चारदा वाचलं, कुठं काही चलाखी आहे का बघायला. नव्हती.

सभागृह भरलेलं होतं. बाईंना दोघींनी धरून व्यासपीठावर आणलं, इतक्या थकल्या होत्या. त्यांनी आधी त्या चार परदेशी चाली ऐकवल्या, थोड्या थोड्या. पहिल्याला वादळ दिसलं, दुसऱ्याला नावाडी, असं सांगून "हे माझं नव्हे, पेटीवाल्या आबांचं" असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मग "पाऊल वाजे"च्या तीन चाली. तिसरी लागली. सभागृहात टेम्पो वाजला, केळीवाला ओरडला, लोक हसले, आणि आबांचा आवाज आला. बाई म्हणाल्या, "आता 'अंगणी' ऐका. पहिल्या दोन चालींत राणी घाबरलेलीच राहते. इथं ती षड्जावर येते. तिनं पाऊल ओळखलं. आपलंच माणूस आहे. संशय संपला. एका सुरावर रचनाकारानं सगळं नाटक फिरवलं." टाळ्या वाजल्या.

मी उभा राहिलो. "ते चुकीचं हाय."

सगळी डोकी वळली. सूत्रसंचालन करणारा तरुण प्राध्यापक म्हणाला, "आपण कोण?"

"त्यांचा मुलगा. चाल तिथं टेकत न्हाई. कोमल रिषभावर थांबती. संशय संपत न्हाई, त्योच तर मुद्दा हाय."

"गाऊन दाखवाल?"

गळा नाही हे मला माहीत होतं. तरी गायलो. "पाऊल वाजे कुणाचे गे अंगणी", आणि थांबलो जिथं थांबायचं तिथं. लोकांना वाटलं माझा दम संपला. कुणीतरी मागनं म्हणालं, "पाणी द्या की त्यांना." प्राध्यापक माझ्याकडं बघत होता, आणि ती नजर मी ओळखली. ती माझीच होती. म्हाताऱ्याच्या नावावर आता पोरगा काय लाटायला आलाय, असं बघत होता तो.

बाईंनी मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "शिवाजीराव," त्या म्हणाल्या, "तुमचा कान मला माहीत आहे. तुम्ही म्हणता तसं असेलही. मग त्या दिवशी त्यांनी असं का गायलं?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर एका ओळीचं होतं. मी तुम्हाला चोर समजत होतो, म्हणून. ते दिलं असतं तर सगळ्यांना पटलं असतं, कारण असं खोटं कुणी स्वतःविरुद्ध बोलत नाही. मी म्हणालो, "वय झालतं त्यांचं. चुकलं असंल."

"चूक असेल तर फार देखणी चूक आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडं वळल्या. मी खाली बसलो. तीनशे वर्षांमागं कुणी कुणाचं ऐकलं होतं ते ज्या माणसाचा कान ओळखायचा, त्याला मी दोनशे लोकांसमोर स्वतःच्याच चालीत चुकलेला म्हातारा ठरवून आलो होतो.

बाई पुढं दोन वर्षांनी गेल्या. आता नाट्यगीतांच्या स्पर्धेत मुली आबांची चाल म्हणून गातात, "अंगणी"वर छान टेकतात, परीक्षक मान डोलवतात. माझी नात मोबाईलवर लावते आणि म्हणते, "आजोबा, तुमच्या बाबांची." मी बंद कर म्हणतो. तिला वाटतं मला गाणं आवडत नाही. कधी कधी मलाच शंका येते की माझ्या कानात जे आहे ते तरी आबांचं आहे की इतक्या वर्षांत मीच कानस मारून बसवलेलं आहे. पण मी पेटी काढतो, सूर दाबतो, आणि खात्री होते.

म्हणून लिहून ठेवतो. आबा चुकले नव्हते. मी त्यांना खोटं गायला लावलं, नंतर खरं सांगू दिलं नाही, आणि सभागृहात दोष त्यांच्यावर घातला. पांढरी एक षड्ज धरा. "अंगणी"ला पंचम, कोमल धैवत, मध्यम, कोमल रिषभ. म्हणजे पांढरी पाच, काळी चार, पांढरी चार, काळी एक. काळी एकवर थांबायचं. षड्ज शेजारीच आहे, बोट तिकडं जाईल, जाऊ द्यायचं नाही. एवढंच आहे. ज्याला गायचं त्यानं गावं, नाव घालावं, न घालावं. छापणाऱ्यानं इथं एखादी पट्टी इकडची तिकडं केली तर मला कळणार नाही, डोळे आता तेवढे चालत नाहीत. आणि पुरावा माझ्याकडं काही नाही. टेपवर ते आहेत, कागदावर मी आहे. कुणाचं धरायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या जागी मी असतो तर माझं धरलं नसतं.